पाणी मागायचं वाक्य

लालबाग, बुऱ्हाणपूर
२८ एप्रिल

अर्चनाताई,

मला झोप नाही. कितीतरी रात्री झाल्या, डोळा म्हणून लागत नाही. कारण सांगते. दुर्वाला रात्री तहान लागते आणि ती पाणी मागत नाही. उठून बसते, ओठ चाटते आणि परत आडवी होते. मी झोपले तर ती तशीच राहील, म्हणून मी जागी राहते. ती उठली की अंधारातच तिच्या तोंडाला भांडं लावते. तिलाही कळतं, घोट घेताना आवाज करत नाही. चार वर्षांची पोर, ताई.

तू म्हणशील पाणी मागत नाही म्हणजे काय. तर आमच्या घरी नियम आहे. पाणी पाहिजे तर इंग्लिशमध्ये मागायचं, आणि पूर्ण वाक्य. वुड यू माइंड माय हॅविंग सम वॉटर. असं बोललं तर पाणी. चुकलं तर परत म्हणायचं. परत चुकलं तर मग पुढच्या टाइमाला. भाकरीचं, दुधाचं, बाहेर जायचं, सगळ्यांची अशीच वाक्यं आहेत. मगर बाकीच्यांचं चालून जातं, पाण्याचं नाही चालत. इथं ऊन किती असतं तुला माहीत आहे.

ती माय म्हणायच्या ऐवजी मी म्हणते, इंग्लिशमधलं एम ई वालं मी. लहान पोर आहे, तिला आपलं मीच येणार. दुर्वाचे पप्पा म्हणतात, चूक. आयएनजी लागलं की क्रियापद क्रियापद राहत नाही, नाम बनतं, त्याला जेरंड म्हणायचं. जाणं, पिणं, झोपणं. मग त्याच्या आधी माय पाहिजे, हिज पाहिजे, हर पाहिजे. मी नाही, हिम नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी हे मला शिकवलं होतं. मी म्हटलं, आपण पण तेच बोलतो, माझं येणं, तुझं जाणं. मला येणं असं कोण म्हणतं. तेव्हा किती खुश झाले होते. मावा जिलेबी घेऊन आले आणि जो भेटेल त्याला सांगत होते, माझी बायको आठवी शिकलेली आहे पण तिला जेरंड समजतो.

तेव्हा चांगले होते, खोटं नाही सांगत. मारत वगैरे नाहीत. फक्त नियमाचे आहेत.

शाळेतून यांना काढलं ते तुला माहीत नसेल. दिवाळीनंतरची गोष्ट. नववीच्या वर्गात हेच शिकवत होते. एक मुलगा उठून म्हणाला, सर, मोबाइलमध्ये तर लिहिलंय दोन्ही चालतं, बोलताना लोक मी पण म्हणतात. यांनी त्याला पुढं बोलावलं आणि कानावर मारली. कानाचा पडदा फाटला. मोठी बात झाली, त्याचे घरचे लोक शाळेत आले, आणि यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. मग घरातल्या क्लासची पोरंही एकेक करून बंद झाली. पुढच्या खोलीत फळा आहे, बाकं आहेत, पंखा आहे, आणि पोरगं एक नाही. आता त्या खोलीत दुर्वा बसते. बाजूला मी बसते.

माझा फोन यांच्याकडे आहे. म्हणतात फोनवर तू मराठी बोलतेस आणि ते पोरीच्या कानात जातं. घरात मराठी बंद आहे. मला इंग्लिश किती येतं तुला माहीत आहे, म्हणून मी तिच्याशी बोलतच नाही. हात लावून सांगते सगळं. वेणी घालते तर मान वळवून दाखवते. गाणं म्हणत नाही.

बाजूच्या कोकिळाभाभी आहेत, भाईदासभाऊंच्या घरच्या. त्या पत्र टाकून देतील. त्या हसत होत्या, तुम्हारे यहाँ पानी भी विलायत से आता है क्या. मी पण हसले.

तू इथून गेलीस ते मला आठवतं. दुर्वाच्या बारशाला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, निशा, हा माणूस तुला एक वाक्य पुरं करू देत नाही. हे म्हणाले, दीदी, आप फिर मत आना. मी कुकरची शिटी बघत उभी राहिले. तुझा राग खरा आहे. पण आता राग सोड आणि एकदा ये. भांडायला नको, पाहुणी म्हणून ये. दोन दिवस राहा, तिला जवळ घे.

आपल्या जीवनला काही सांगू नको. तो ट्रकवरच्या चार पोरांना घेऊन येईल आणि हाणामारी करील. मग हे मला ठेवणार नाहीत. भाऊ काय, केळीचा माल भरून दिल्लीला निघून जाईल. मी कुठं जाऊ.

तुझी,
निशा


११ मे

ताई,

तुझं काही आलं नाही. कदाचित लिहीत असशील. मी रोज दाराकडे बघते.

आम्ही बहादरपूरला जाऊन आलो, सासूबाईंकडे. यांना बँकेचं काम होतं, आम्हाला शेतातल्या घरी सोडलं आणि म्हणाले संध्याकाळी नेतो. जाताना मला बोट दाखवलं. म्हणजे मराठी नाही.

सासूबाईंनी दुर्वाला बघितलं आणि म्हणाल्या, हिचे ओठ असे का. त्यांनी माठातलं भांडं भरून तिच्या हातात दिलं. ती भांड्याकडे बघते, माझ्याकडे बघते, पीत नाही. तिला वाटलं आधी वाक्य म्हणायचं. तोंड उघडलं, वाक्यातल्या त्या मी वर थांबली आणि तिथंच रडायला लागली. सासूबाईंना काही समजेना. मग मी सांगितलं सगळं. आमची सासू गोदाबाई म्हणजे कशी बाई आहे, पुऱ्या गावाला शिव्या देऊन केळीचा भाव करते, ती खालीच बसली.

मग दुर्वाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, माय, पानी म्हन. नुसतं पानी म्हन.

ती म्हणाली, पाणी.

दिलं. प्याली. मग परत म्हणाली पाणी. परत दिलं. ताई, मग तिला चेवच आला. केळीत माणसं घड कापत होती, त्यांच्याकडे जाऊन पाणी. सासऱ्यांकडे जाऊन पाणी. गोठ्यात म्हशीला पण म्हणाली पाणी. तहान नव्हती तरी मागत होती. सगळे देत होते आणि हसत होते. पोट टम्म फुगलं तिचं. पूर्ण दिवस बडबडली. मला तर वाटलं होतं की तिला आता बोलायलाच येत नाही.

हे आले तेव्हा ती नळाखाली उभी होती. पप्पांना बघून तिला भान राहिलं नाही, धावत गेली आणि म्हणाली, पप्पा, पाणी पिता का.

ती पाणी द्यायला गेली होती त्यांना.

यांनी मोटारसायकल लावलेली होती ती परत चालू केली. सासूबाई समोर आल्या. म्हणाल्या, योगेश, पोरले पानी देवाले इंग्रजी कशाले लागस रे. तुले मी कोनती भाषा बोलीसन दूध पाजं.

हे म्हणाले, त्याच भाषेमुळं तर भोपाळला इंटरव्ह्यूत पाच माणसं माझ्यावर हसली. तू नव्हतीस तिथं. मी एकटा उभा होतो.

सासूबाई मागं सरकल्या. सासरे तर खांद्यावरचा पंचा झटकत बाजूलाच झाले. त्यांचा मुलगा सर आहे ना. गावात कोणाचा मुलगा सर नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मारत नाहीत. मारतात, ताई. लाकडी पट्टी आहे, फळ्याची. मला हातावर मारतात. दुर्वाला हातावर नाही मारत. घरी आल्यावर तिला बाकावर उभं केलं आणि म्हणाले, ज्या तोंडानं बोललीस ते पुढं कर. तिनं केलं. ती समजली पप्पा पप्पी घेतात.

मी मधी हात घातला. माझ्या बोटांना लागलं थोडं. बाकीचं तिला लागलं.

त्या दिवसापासून ती बोलत नाही. आपलं नाही, त्यांचं पण नाही. काहीच नाही. हे म्हणतात नाटक आहे. वाक्य म्हणत नाही म्हणून पाणी नाही, असा हिशोब. मी चोरून देते. हे संडासला गेले की देते, आंघोळीला गेले की देते. पण हे दिवसभर घरीच असतात आणि माठ आता पुढच्या खोलीत फळ्याजवळ ठेवलाय.

तिला लघवीला आग होते. पाय दाबून धरते आणि थरथरते. कोकिळाभाभी म्हणाल्या चल. हे क्लासच्या जाहिरातीचे नवीन पर्चे छापायला गेले होते तेवढ्यात आम्ही रिक्षानं बुधवाऱ्यातल्या डॉक्टरकडं जाऊन आलो. डॉक्टरनं तिच्या हाताची चामडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, लगेच बसली नाही. ते माझ्यावर ओरडले, कैसी माँ हो, इस गर्मी में बच्ची को पानी नहीं पिलाती. किडनी खराब हो जाएगी. मी मान खाली घातली. काय सांगू त्यांना. म्हणाले पाणी पाजा, थोडं थोडं, दिवसभर. सुधरलं नाही तर भरती करून सलाईन लावा, उशीर करू नका. नवतपा, ते नऊ दिवसांचं कडक ऊन, लागायच्या आत बरी झाली पाहिजे, असं पण म्हणाले.

डॉक्टरनं दिलेली पुडी लपवून ठेवली आहे, पिठाच्या डब्यात. साखर मिठाची पुडी आहे ती, पण ती पण पाण्यातच घालावी लागते.

ताई, पाहुणी म्हणून ये असं मी लिहिलं होतं. तसं नको. कशीपण ये. भांडायला आलीस तरी चालेल.

निशा


२३ मे

ताई,

तू घर बदललंस. मला कोणी सांगितलं नाही. तुला टाकलेलं पहिलं पत्र परत आलं.

पाठवणाऱ्याचा पत्ता पाकिटाच्या मागं लिहायचा असतो, हे मला यांनीच शिकवलं आहे. फळ्यावर चौकोन काढून शिकवलं होतं, फ्रॉम इकडं, टू तिकडं. मी तसंच नीट अक्षरात लिहिलं. श्री योगेश सरांचं घर, लालबाग. पत्ता नसता लिहिला तर पत्र कुठंतरी पडून राहिलं असतं. पोस्टमन दारात आला, म्हणाला, सर, आपका लेटर वापस आया है, मकान खाली है वहाँ. हे थँक्यू म्हणाले.

बाकावर बसून वाचलं. मी चपात्या लाटत होते. मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत. पूर्ण वाचून झालं, परत पहिल्यापासून वाचलं. मग लाल पेन घेतला आणि जिथं मी जेरंडचं लिहिलं होतं तिथं बरोबरची खूण केली. मला बोलावून दाखवली. म्हणाले, हे मात्र तू अगदी बरोबर समजावलंस.

एवढंच. मग हात धुऊन जेवायला बसले.

जेवताना म्हणाले, चूक माझी आहे. घरात दोन भाषा ठेवल्या, तर मूल दोन्हीकडून जातं. तिला माझ्याजवळ एकटीला ठेवायला पाहिजे होतं. इंदूरला यांच्या मामांचा फ्लॅट रिकामा आहे, मामा विदेशात आहेत. तिथं घेऊन जातो, जून महिन्यात मोठ्या शाळेचा इंटरव्ह्यू आहे तोपर्यंत तिथंच राहू. तिथं बाजूला मराठी बोलणारं कोणी नाही. तू इथं राहा, आराम कर, तुझी तब्येत बरी नाही.

मी पाय धरले. म्हटलं मला पण न्या, मी तोंड उघडणार नाही, तोंडाला कपडा बांधून राहीन. हे म्हणाले, तू पाणी देतेस तिला. मला सगळं माहीत आहे. म्हणून ती शिकत नाही.

म्हणजे इतके दिवस यांना माहीत होतं. मी तोंडाला भांडं लावत होते तेव्हा हे जागे होते.

कोकिळाभाभी काल आल्या होत्या दारात. मी आतून ऐकलं. हे हळू आवाजात सांगत होते, डिप्रेशन आहे, डिलिव्हरीपासूनच आहे, घरच्यांना काहीबाही लिहिते, डॉक्टरांनी सांगितलंय कोणाशी बोलू देऊ नका. थोडं इंग्लिशमध्ये पण बोलले. भाभी अच्छा सर, अच्छा सर म्हणत होत्या. मी आतून हाक मारली. भाभी थांबल्या पण. मग भाईदासभाऊंचा आवाज आला, सर के घर के मामले में मत पड़. गेल्या. त्यांच्या मुलाला हे फुकट शिकवतात. वाईट बाई नाही ती.

परवा मी जोरात ओरडले होते, गल्लीतले तीनचार लोक आले पण. यांनी दार उघडलं, चष्मा लावलेला, हातात पुस्तक. लोकच सॉरी सर म्हणाले. तेव्हापासून दाराला बाहेरून कडी असते. आता स्वयंपाकाच्या खोलीला पण असते.

रविवारी सकाळच्या बसनं घेऊन जाणार आहेत. बॅग भरून ठेवली. त्यात तिचे फ्रॉक आहेत, चार्ट आहेत, पट्टी आहे. पाण्याची बाटली नाही. मी टाकली होती, यांनी काढून ठेवली.

आता पलीकडच्या खोलीत आवाज येतोय. माय हॅविंग. माय हॅविंग. यांचाच आवाज. तिचा नाही. मधी मधी गप होतात, तिला टाइम देतात म्हणायला, मग परत. रागानं नाही बोलत आहेत. ताई, अगदी प्रेमानं बोलत आहेत, तेच मला ऐकवत नाही. यांना वाटतं हे तिचं भलं करतात. ज्याला वाटतं मी वाईट करतो, तो कधीतरी थांबतो. हे कुठं थांबतील.

सकाळी तिला कुशीत घेतलं होतं थोडा वेळ. अंग गरम आहे. रडली, तर डोळ्यात पाणी आलं नाही. तोंड वाकडं केलं फक्त.

आता तुला लिहून काय फायदा. हा कागद तुझ्यापर्यंत येणारच नाही. ही सवय आहे म्हणून ताई ताई लिहीत बसले. आता जे लिहिते ते ज्याला हा कागद सापडेल त्याच्यासाठी.

भाऊ, किंवा बहन, जो कोणी असाल. मी स्वयंपाकघराच्या मागच्या फाटलेल्या जाळीतून हा कागद खाली गल्लीत टाकत आहे. बटाट्याला गुंडाळून टाकते म्हणजे नालीत उडून जाणार नाही. मी वेडी नाही. माझं नाव निशा आहे. स्टेशनकडून आलं की पाण्याच्या टाकीच्या मागच्या गल्लीत पिवळं घर आहे, वर इंग्लिश क्लासची पाटी आहे. त्या घरात माझी मुलगी आहे. दुर्वा. चार वर्षांची आहे. तिला पाणी मिळत नाही. तिचा बाप तिला रविवारी सकाळी इंदूरला घेऊन जाईल, आणि तिथं तिला लपून पाणी देणारं कोणी नाही. ती स्वतः मागणार नाही. ती आता मागतच नाही.

तुम्ही घरी येऊ नका. तुम्ही आलात तर सर तुम्हाला आत बोलावतील, चहा देतील, चांगलं बोलतील आणि तुम्हाला वाटेल बाई खोटारडी आहे. सगळ्यांना तसंच वाटतं. मला पण वाटायचं.

मराठी येत नसेल तर एवढं वाचा. मेरी बच्ची को पानी नहीं देते. इतवार की सुबह ले जाएँगे. मेरे भाई को फ़ोन करो.

नंबर कागदाच्या मागे लिहिला आहे, एकदा आकड्यात, एकदा अक्षरात. अक्षर ओलं झालं तर आकडे वाचा. त्याला म्हणा पोरं घेऊन ये, मी नाही अडवणार. म्हणा हाणामारी झाली तरी चालेल, आधी दुर्वाला उचल आणि दवाखान्यात ने, सलाईन लाव, मग काय करायचं ते कर. माझं नंतर बघू. मी राहिले तरी चालेल.

त्याचं नाव जीवन. केळीचा ट्रक चालवतो. आज कुठं असेल मला माहीत नाही, दिल्लीकडं असला तर निघायला पण टाइम लागेल, म्हणून उद्यावर टाकू नका. गाडी चालवताना फोन उचलत नाही तो. नाही उचलला तर परत करा. परत नाही उचलला तरी करा. माझ्या भावाला फोन करा.